बियरची शेगडी आणि माशांचा परवाना

एक शेगडी निवडायला माणसाला किती वेळ लागावा? हुल्डा एलिंगसनचं म्हणणं असं, की दुकानात जावं, शेगडी उचलून बघावी, जड लागली तर घ्यावी, हलकी लागली तर दुकानदाराकडे एकदा रोखून बघावं आणि मग दुसरी, जड अशी घ्यावी. यात वेळ जातो तो फक्त गाडी लावायला जागा शोधण्यात. पण तिच्या जावयाने, प्रेस्टनने, खाडीवरचा बर्फ फुटायच्या आधी शेगडी निवडायला घेतली होती, आणि आता बागेतल्या चेरीच्या झाडांना फुलं येऊन, ती गळून, हिरव्या गोळ्या धरल्या तरी त्याची निवड चालूच होती.

"शेगडी नाही, बर्नर," प्रेस्टन म्हणायचा.

"खाली आग आणि वर भांडं. आमच्याकडे त्याला शेगडी म्हणतात."

रोज जेवण झालं की तो संगणक उघडून बसे आणि कुठल्या कुठल्या राज्यांतल्या माणसांची मतं वाचे. ओरेगनमधला एक माणूस सांगे, की बियरसाठी चपटी, रुंद, गॅसवर चालणारी शेगडी घ्यावी, आच सगळीकडे सारखी लागते. टेनेसीमधला दुसरा सांगे, की चपटी घेणारा पस्तावतो. एकाच तोटीतून भडकणारी घ्यावी. मग प्रेस्टन कपाळाला हात लावून बसे. ज्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांच्या घरी कधी कॉफी घेतली नाही, त्यांच्या सांगण्यावरून माणूस साधा चमचा तरी घेईल का, हा हुल्डाला पडलेला प्रश्न होता. पण प्रेस्टन तेवढ्यावर थांबला नाही. अंगणातला वारा कुठून कसा येतो ते कळावं म्हणून त्याने तिच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर कागदाच्या पट्ट्या बांधल्या. आठवडाभर हुल्डाच्या चादरींच्या मध्ये त्या पट्ट्या फडफडत होत्या आणि रस्त्यावरून जाणारा येणारा विचारत होता, की वाढदिवस कोणाचा आहे.

प्रेस्टन मूळचा खालच्या शेजारच्या राज्यातला, इलिनॉयचा. हे हुल्डा दोष म्हणून सांगत नसे. नुसतं सांगत असे, आणि सांगून झाल्यावर कॉफी ओतायला घेत असे. सासूच्या घरात राहायचा, तरी माणूस वाईट नव्हता. कॅरिनवर, म्हणजे हुल्डाच्या लेकीवर, त्याने कधी आवाज चढवला नाही. बर्फ उपसायला सांगितला तर उपसायचा. फक्त फावडं कुठलं घ्यावं याचा विचार होईपर्यंत निम्मा बर्फ वितळायचा. सासूला हाक काय मारायची, हेसुद्धा त्याचं अजून ठरलं नव्हतं. 'मॉम' म्हणावं तर सलगी, 'हुल्डा' म्हणावं तर उद्धटपणा, 'मिसेस एलिंगसन' म्हणावं तर परकेपणा. त्याची स्वतःची मुलगी सिग्ने लग्नाला आली, तरी तो सासूशी बोलायचं झालं की समोर येऊन उभा राही, घसा खाकरे आणि मग बोले. पाठमोऱ्या हुल्डाशी त्याला बोलताच येत नसे.

आता कोणी म्हणेल, की निवडू दे की बिचाऱ्याला, तुझं काय जातंय? जात होतं. बरंच जात होतं.

मुळात ही बाहेरची शेगडी लागण्याची वेळ आणली कोणी, तर हुल्डाने. पण हे तिच्या तोंडावर बोलायची छाती घरात कोणाची नव्हती. हिवाळ्यात प्रेस्टनने घरच्या घरी बियर करायचा नाद लावून घेतला होता. तोही तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या चुलीवर. मोड आणून भाजलेले जव गरम पाण्यात भिजवायचे, त्यांचा गोड काढा गाळून घ्यायचा आणि मग हॉप्सची कडू फुलं घालून तो खळखळ उकळायचा. हुल्डा चर्चमध्ये गेली होती. परत येऊन बघते, तर काढा उतू जाऊन विजेच्या चुलीच्या तारांवरून, कपाटाच्या दारांवरून थेट जमिनीपर्यंत पोचला होता, आणि वाटेत जिथे जिथे थांबला होता तिथे तिथे त्याची टॉफी झाली होती. सुरीने खरवडून काढावी लागली. ईस्टरपर्यंत त्या घरात काहीही शिजवलं तरी जळक्या साखरेचा वास यायचा, अगदी हेरिंग माशालासुद्धा.

"यापुढे घराबाहेर," हुल्डाने सांगितलं. आणि प्रेस्टन शेगडी निवडायला बसला.

तिथवरही ठीक होतं. पण सिग्नेचं लग्न ठरलं, ऑगस्टमध्ये, हुल्डाच्याच बागेत. आणि एका रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांची कॉफी चालू असताना हुल्डाची नणंद व्हर्ना, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बियर ग्रीन बेहून मागवताय ना? आमच्या डेलच्या लग्नात मागवली होती. चांदीसारखी चकचकीत पिंपं. लोक अजून नाव काढतात."

व्हर्नाला इतकी वर्षं ओळखणारी कुठलीही शहाणी बाई यावर कॉफी ढवळत बसली असती. हुल्डाने कप खाली ठेवला.

"मागवायची कशाला? घरची असेल. आमचा जावई करतो."

"इलिनॉयवाला?"

"आमचा जावई," हुल्डा म्हणाली.

सगळ्या तळघराने ऐकलं. पास्टरनेही ऐकलं आणि आपण नक्की येऊ म्हणून सांगितलं. हुल्डा आठवीनंतर शाळेत गेली नव्हती. मासे साफ करायला आणि चेरीच्या बिया काढायला लागली होती. कागदावर लिहिलेलं, भिंतीवर टांगावं असं तिच्याजवळ काही नव्हतं. जो होता तो तोंडचा शब्द, आणि तो आजवर कधी खाली पडला नव्हता. आता तो शब्द अशा माणसाच्या हातात होता, ज्याला सासूची हाक ठरवता येत नव्हती.

शेजारचा गॉर्डी मदतीला आला. गॉर्डी जन्मभर बेटाच्या फेरीबोटीवर दोरखंड बांधत होता. निवृत्त झाल्यापासून लोकांना सल्ले बांधतो. तो आपली टर्की तळायची शेगडी घेऊनच आला.

"हे घे. दर थँक्सगिव्हिंगला मी यावर अख्खा टर्की तळतो."

"आणि दर थँक्सगिव्हिंगला आम्ही तो खातो," हुल्डा म्हणाली. "म्हणून विचारते, दुसरं काही आहे का?"

त्या शेगडीत एक गोम होती. टर्की तळता तळता माणसं सामना बघायला घरात जातात आणि इकडे अंगण पेटतं, म्हणून बनवणाऱ्यांनी तिला घड्याळाचं एक बटण बसवलं होतं. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन ते पिळायचं. नाही पिळलं, तर ज्योत आपली आपण विझते. प्रेस्टनने पाणी उकळून बघितलं. पाण्याला जरा कुठे बुडबुडे फुटताहेत, तोच खट् आवाज झाला आणि शेगडी थंड.

"म्हणजे माणसाने शेगडीवर लक्ष ठेवायचं सोडून शेगडी माणसावर लक्ष ठेवते?" हुल्डा म्हणाली. "उचल ती, गॉर्डी. माझ्या अंगणात माझ्यावर पहारा नको."

"अगं, पण चांगली आहे गं."

"तुझा टर्कीही चांगलाच असतो, असं तू म्हणतोस."

गॉर्डीने ती परत नेली नाही. न्यायची म्हणजे उचलावी लागणार. प्रेस्टनने ती पुसून, कोरडी करून, वर जुनी चादर घालून शेडमध्ये ठेवली. "लागलीच कधी तर," तो म्हणाला. हुल्डाने आकाशाकडे बघितलं. या माणसाला घ्यायचं काय ते कळत नव्हतं आणि टाकायचं काय तेही कळत नव्हतं.

शेवटी एकदाची त्याने चपटी शेगडी मागवली. त्या आनंदात घरात केक कापायचा तेवढा बाकी राहिला होता. दुसऱ्या दिवशी न्याहारीला तो पडेल चेहऱ्याने आला.

"काय झालं?" कॅरिनने विचारलं.

"रद्द केली. ओरेगनच्या माणसाचं मत बदललं."

हुल्डाने हातातली सुरी लोण्यात उभी रोवली, उठली, पर्स घेतली आणि डोक्यावर टोपी चढवली. "गाडी काढ."

स्टर्जन बेच्या शेतीसामानाच्या दुकानात माणसाने विचारलं, कशासाठी हवी? प्रेस्टनने घसा खाकरून सांगायला सुरुवात केली, की पातेलं अमुक उंचीचं आहे, वारा बहुतेक वायव्येकडून येतो, आणि पाठीला त्रास नको म्हणून... तो वाऱ्यापाशी पोचेपर्यंत हुल्डा मागच्या रांगेत पोचली होती.

"ही कोणती?"

ती तीन पायांची काळी लोखंडी वस्तू होती, वासराला उभं राहता येईल एवढी रुंद. मधोमध पितळेची तोटी.

"ती बूयासाठी, मॅडम. खालच्या भागातले बेल्जियन लोक नेतात. अख्ख्या चर्चला पुरेल एवढा कोंबडीचा रस्सा करतात एकेका हंड्यात. पण ती जरा..."

"बेल्जियनांना झेपते?"

"झेपते की."

"मग आम्हाला झेपेल." तिने ती उचलून बघितली. उचलली गेली नाही. हुल्डाचं समाधान झालं.

प्रेस्टन समोर येऊन उभा राहिला. "अं... बियरला इतकी आच लागत नाही, असं मला वाटतं. म्हणजे, काही लोकांचं म्हणणं..."

"बटण आहे ना तिला? आच कमी करता येते. उचल."

शेगडी आली, आता गॅस. हुल्डाच्या नवऱ्याची, आर्नेची, जुनी टाकी तळघरात होती. ती स्वतः मांडीवर घेऊन गेली, कारण प्रेस्टनने नीट धरली नसती. गॅस भरणाऱ्याने टाकीकडे बघितलं आणि टोपी मागे सारली.

"ही भरता येणार नाही, मॅडम. ही जुन्या पद्धतीची चावी. कायद्याने बंद झाली."

"ही टाकी तुझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे."

"म्हणूनच बंद झाली, मॅडम."

आर्नेने ती टाकी वीसेक उन्हाळे वाहिली होती आणि एकदाही कोणी तिला नावं ठेवली नव्हती. हुल्डाने नवी टाकी घेतली, पण त्या माणसाकडे न बघता. जुनी टाकी तिने घरी आणून पुढच्या पायऱ्यांवर ठेवली आणि शेजारी जिरेनियमची कुंडी ठेवली. येणाऱ्या जाणाऱ्याने बघावी म्हणून.

आणि मग परवाना. जुलै कोरडा गेला होता आणि हेगन बे गावात उघड्यावर आग पेटवायची तर कचेरीची चिठ्ठी लागते. कचेरीत आर्डिस बसते. आर्डिस भली बाई, पण तिचा सगळा भलेपणा छापील कागदाच्या आत राहतो. कागदावर तीन चौकोन होते: पालापाचोळा जाळणे, शेकोटी आणि मासे उकडणे.

"बियर नाही?" हुल्डाने विचारलं.

"बियरचा चौकोन नाहीये, हुल्डा."

"मग एक काढ ना पेनाने."

"मला चौकोन काढायचा अधिकार नाही. त्याला पंचांची बैठक लागते. ती सप्टेंबरात." आर्डिसने चष्मा पुसला. "पालापाचोळ्याला कोरड्या हवेत बंदी आहे. शेकोटीवर भांडं ठेवता येत नाही. माशांच्या हंड्याला मात्र बारमाही सूट. हंडा तो हंडा. आत काय आहे, ते कागद विचारत नाही."

"मग मासे लिही," हुल्डा म्हणाली, आणि जीभ दातांत धरून सावकाश सही केली.

इथे एक गोष्ट हुल्डाच्या ध्यानात यायला हवी होती, आणि दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ती लगेच आली असती. माशांचा परवाना निघाला की आर्डिस त्याची एक प्रत पोस्टाशेजारच्या फळ्यावर लावते, आणि ती लागली की गावाला आमंत्रण पोचलं असं धरायची हेगन बेची रीत आहे. मुद्दाम बोलवायला कोणी कोणाच्या दारी जात नाही. आपली ताटली, आपली खुर्ची आणि एखादा पदार्थ घेऊन यायचं.

त्यातून हा परवाना एलिंगसनांचा. आर्ने असेपर्यंत उन्हाळ्यातल्या दर शनिवारी गावचे मासे तोच उकडायचा. खारट पाण्याच्या हंड्यात आधी बटाटे, मग कांदे, मग व्हाइटफिश. शेवटी माशांचं तेल फेसाबरोबर वर येतं, आणि ते काढायची एकच तऱ्हा: आग एकदम भडकवायची, की फेस, तेल, सगळं हंड्याच्या काठावरून उसळून बाहेर जातं. रॉकेलचा डबा आर्नेच्या हातात असे. पण कधी, ते हुल्डा सांगायची. फेसाकडे बघत ती उभी राहायची, सगळा जमाव गप्प व्हायचा, आणि ती ओरडायची, "आता!" तिचा 'आता' क्षणभर आधी किंवा क्षणभर नंतर पडला, असं कोणाला आठवत नाही. आर्ने गेल्यापासून तिने हंडा बाहेर काढला नव्हता. मासे उकडण्याच्या कार्यक्रमांना जायचीही नाही. दुसऱ्या कोणीतरी 'आता' म्हणायचं आणि आपण ऐकायचं, हे तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

तर शनिवारी सकाळी प्रेस्टनने अंगणात बेल्जियन शेगडी मांडली, वर त्याचं नवंकोरं पातेलं. आर्नेचा हंडा त्याने वापरला नव्हता. बियरला माशाचा वास येईल, असं तो म्हणाला होता. जो हंडा हुल्डाने इतकी वर्षं राखेने घासला, त्याला वास! पण तो अपमान तिने पुढे कधीतरी कामाला येईल म्हणून बाजूला ठेवून दिला होता.

पेटवण्याआधी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. घसा खाकरला. "मी फुलं टाकतो तेव्हा फेस एकदम वर येतो. कोणीतरी बटणावर हात ठेवायला हवा. फेस वर आला की ज्योत कमी करायची. कमी. उतू गेला की संपलं. सगळी साखर त्यातच आहे."

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी उकळत्या हंड्यांपाशी उभी आहे."

"हो. तरी पण... कमी."

शेगडी पेटली आणि हुल्डाने निवडलेल्या वस्तूची ताकद सगळ्या गावाला कळली. विमान अंगणात उतरून परत उडायला निघावं, असा आवाज. शेजारच्या घराच्या काचा थरथरल्या. हुल्डाने अभिमानाने आजूबाजूला बघितलं, आणि तेव्हा तिला फाटकातून गॉर्डी येताना दिसला. काखेत घडीची खुर्ची, हातात ताटली. त्याच्यामागे पास्टर, काळ्या पावाची लादी घेऊन. मागे आर्डिस, कोबीची कोशिंबीर घेऊन. तिच्यामागे निम्मं गाव.

"मॉम," कॅरिन तिच्या कानाशी येऊन ओरडली, "हे लोक ताटल्या घेऊन का आलेत?"

हुल्डाला कळलं. पायाखालची जमीन हलल्यासारखं झालं. ते अर्थात शेगडीमुळेही असेल. मासे नाहीत, हा माशांचा कार्यक्रमच नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात व्हर्ना समोर आली. दोन्ही हातांत चेरी पाय. व्हर्ना आर्नेची धाकटी बहीण. आज तिच्या तोंडावर टोमण्याचा मागमूस नव्हता.

"मला वाटलं होतं तू आता कधी करणारच नाहीस," व्हर्ना म्हणाली. "चिठ्ठी वाचली आणि उभ्याउभ्या रडले मी तिथे पोस्टापाशी."

हुल्डाने तोंड मिटलं. मग उघडलं. "बस. वेळ आहे अजून."

"मासे कुठून आणणार आहेस?" कॅरिनने विचारलं.

"गॉर्डीच्या फ्रीजरमधून. त्याला अजून माहीत नाही."

लोक खुर्च्या मांडून गोल करून बसले. पातेलं उकळायला लागलं. प्रेस्टनने फुलांची पुडी उघडली, हुल्डाकडे बघितलं, मान हलवली आणि फुलं आत टाकली.

फेस उठला. दाट, तांबूस, काठाकडे सरकत निघालेला. हुल्डाचा हात बटणावर होता. आणि जमाव गप्प झाला. अगदी तसाच, जसा नेहमी होतो. पोरांचे खेळ थांबले, ताटल्यांचे आवाज थांबले, सगळ्यांचे डोळे फेसावर आणि मग तिच्यावर. चार उन्हाळ्यांत त्या शांततेने तिच्याकडे बघितलं नव्हतं. फेस काठाला टेकला.

"आता!" हुल्डा ओरडली.

आणि तो हुकूम ऐकणारा माणूस तिथे नव्हता, म्हणून तिने तो स्वतःच ऐकला. बटण पूर्ण उघडलं.

"मॉम! उलटं! उलटं!" प्रेस्टन ओरडला.

बेल्जियन शेगडीने आपली सगळी ताकद दाखवली. पातेल्यातून गोड काढ्याचं कारंजं उसळलं, चहूबाजूंनी कोसळलं, गवतावर, हुल्डाच्या बुटांवर, पास्टरच्या पावावर. जमावाने टाळ्या वाजवल्या. गॉर्डी उभा राहून शिट्टी मारत होता. मग खालच्या तोटीत काढा शिरला, फस् असा आवाज झाला आणि ज्योत मेली.

एकदम इतकं शांत झालं, की पास्टरचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ऊफ् दा," ते बोट चाटत अचंब्याने म्हणाले. "मासे गोड आहेत."

हुल्डा बटण धरून उभी होती. उरलेला काढा निम्म्याला आला होता. लग्न तोंडावर, व्हर्ना समोर, आणि शब्द गवतावर सांडलेला, त्यावर गांधीलमाश्या जमायला लागलेल्या. तिने मनाशी पटापट दोष वाटायला घेतले: बेल्जियनांना थोडा, आर्डिसच्या चौकोनांना थोडा, ओरेगनला बराचसा. तरी थोडा उरतच होता.

प्रेस्टन पुढे आला. त्याने पातेल्यात डोकावून बघितलं. मग तो शेडकडे चालत गेला, कुठलंही मत न विचारता, आणि चादरीखालची गॉर्डीची शेगडी घेऊन आला. पातेलं तिच्यावर ठेवलं, पेटवलं आणि शेजारी बादली उपडी घालून बसला. मंद, निळी, शहाणी ज्योत. थोड्या वेळाने खट् होण्याच्या आत त्याने बटण पिळलं. परत थोड्या वेळाने परत.

"पाणी घालून भरून काढता येईल," तो म्हणाला. "जरा पातळ होईल, पण पुरेल."

"पाणी घालून वाढवतात ते इलिनॉयमध्ये," हुल्डा म्हणाली, आणि इलिनॉयला नाव ठेवता आलं म्हणून तिला बरं वाटलं. "आहे ते राहू दे. गॉर्डी! तुझे व्हाइटफिश आण."

"माझे?"

"माझ्या अंगणात शिट्टी मारलीस ना? आण."

मग तिने बाह्या सारल्या. बेल्जियन शेगडीवर नळ सोडला, केसातली पिन काढून तोटीची भोकं एकेक मोकळी केली. आर्नेचा हंडा तळघरातून वर आला. बटाटे, मीठ, कांदे, आणि कुरकुरत आणलेले गॉर्डीचे मासे. शेगडी परत गरजली, आणि या वेळी ती जागची वाटत होती. जिचं काम तिला मिळालं अशी. फेस चढला, तेल वर आलं. जमाव गप्प झाला. हुल्डा या खेपेला बटणापासून दूर, आपल्या जुन्या जागी उभी होती.

"आता!"

बादलीवरून प्रेस्टन उठला, धावत आला, बटण पूर्ण उघडलं, उसळी बाहेर पडताच बंद केलं आणि खट् व्हायच्या आत परत बादलीवर जाऊन आपलं बटण पिळलं. विचार करायला त्याला वेळच मिळाला नव्हता. वितळलेल्या लोण्याखाली मासे पूर्वी लागत तसेच लागले. व्हर्नाने दोनदा घेतले आणि एकदाही मीठ मागितलं नाही.

लग्नाच्या दिवशी, काढा आंबून तयार झालेली बियर हुल्डाने जेलीच्या छोट्या ग्लासांतून वाढली. मोठे ग्लास पुरले नसते. पण तिने सगळ्यांना सांगितलं, की घरची बियर अशीच वाढायची असते. आणि खरोखरच ती काळसर, दाट, कडक बियर होती. पास्टर दुसऱ्या ग्लासानंतर वधूवरांच्या आधी नाचायला उतरले. व्हर्नाने तिसरा ग्लास प्रकाशात धरून बघितला.

"खरं सांग, हुल्डा. ग्रीन बेहूनच मागवलीस ना?"

"आमच्या जावयाने केली."

"इलि..." व्हर्ना म्हणाली, ग्लासाकडे बघितलं आणि उरलेलं राज्य गिळून टाकलं. "पुढच्या वर्षी आमच्या डेलचा पन्नासावा वाढदिवस आहे. सांगशील का त्याला?"

हुल्डाने बघते म्हणून सांगितलं; लगेच हो म्हणायची तिची पद्धत नव्हती. एवढ्यात प्रेस्टन मागून आला. समोर आला नाही, घसा खाकरला नाही. तिच्या पाठीशीच बोलला.

"मॉम, मी विचार करतोय. पुढच्या खेपेला एक चांगला बर्नर घ्यावा. तो ओरेगनचा माणूस आता म्हणतोय, की..."

हुल्डा वळली. भरल्या बागेत, व्हर्ना ऐकत असताना, तिने जावयाच्या कोटाचं बटण नीट केलं आणि आपला निकाल सांगितला.

"प्रेस्टन, ओरेगनला घाल चुलीत आणि माझं ऐक. मी निवडून आणली, ती शेगडी माशांची निघाली. तू निवडलीच नाहीस, ती बियरची निघाली. तुला निवडता येत नाही, आणि ते कधी येणारही नाही. पण न निवडता जे गळ्यात पडतं, त्याच्यापाशी तू बादली घेऊन बसतोस. मग ती गॉर्डीची शेगडी असो, नाहीतर मी. आता इथे उभा राहू नकोस. व्हर्नाचा ग्लास भर."